सायरन थांबवा, जवाहरनगरला या

मराठी वृत्तवाहिन्यांच्या सर्व संपादकांना,


मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातल्या सानगडीचा. गावात माझं कृषी केंद्र आहे. धानाचं बियाणं, खत, फवारणीची औषधं विकतो. गल्ल्याच्या वर भिंतीला टीव्ही लावलाय आणि शटर उघडल्यापासून रात्री कुलूप लावेपर्यंत त्यावर बहुतेक वेळ तुमच्यापैकी कुणाची तरी वाहिनी चालू असते. खत घ्यायला आलेला माणूस पॉस मशीनवर अंगठा लागेपर्यंत मान वर करून बातम्या बघतो, दोन शब्द बोलतो आणि तेच शब्द घेऊन घरी जातो. तुम्ही स्टुडिओत जे बोलता ते संध्याकाळपर्यंत आमच्या बांध्यांपर्यंत असं पोचतं. त्यामुळे तुमचं काम नीट व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे आणि म्हणूनच लिहितोय.

विषय आहे मे २०२५ मधल्या त्या चार दिवसांचा. २२ एप्रिलला पहलगामला दहशतवादी हल्ल्यात २६ माणसं मारली गेली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले पर्यटकही होते. ७ मेच्या पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झालं आणि १० मेच्या संध्याकाळी गोळीबार थांबवल्याचं जाहीर झालं. या दोन तारखांमध्ये, खास करून ८ मेच्या रात्री, टीव्हीवर जे चाललं ते तुम्हाला आठवत असेल. कराची बंदर उद्ध्वस्त झालं. इस्लामाबादेत आपलं सैन्य शिरलं. पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला अटक झाली. यातलं काहीही घडलं नव्हतं. सुरुवात हिंदी वाहिन्यांनी केली हे मान्य, पण त्यातलं बरंच काही मराठीतूनही आमच्या घरांत आलं, आणि मराठीतून आलं म्हणून लोकांनी त्यावर जास्त विश्वास ठेवला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हिंदी समजते, पण खरं-खोटं ती मराठीतच ठरवतात.

त्या रात्री आमच्या आळीतली एक काकू दुकानात आली. दुकान बंद करायची वेळ झाली होती. तिचा मुलगा फौजेत, तेव्हा जम्मूकडे नेमणुकीला. घरच्या टीव्हीचं रिचार्ज संपलेलं, म्हणून ती माझ्याकडे बघायला आली. पडद्याच्या कोपऱ्यात लाल दिवा फिरत होता, मागे भोंगा वाजत होता आणि निवेदक ओरडून सांगत होता की जम्मूवर हल्ला सुरू झालाय. ती खताच्या चुंगडीवर बसली. हातातल्या साध्या फोनवरून तिने एकच नंबर पुन्हा पुन्हा लावला. तो लागत नव्हता. भोंग्याचा आवाज वाढला की ती दचकून माझ्याकडे बघायची. एकदा म्हणाली, “भाऊ, हे आत्ताचं हाय का जी? का आधीचं हाय?” मला सांगता येईना. त्या रात्री जम्मूत ड्रोन आले होते आणि तिथे खरेच भोंगे वाजले होते, पण माझ्या टीव्हीवर वाजत होता तो भोंगा जम्मूचा की तुमच्या स्टुडिओतला, हे पडद्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. चित्र कधीचं, कुठलं, तेही नाही. मुलाचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तो सुखरूप होता. रात्रभर ती काकू आमच्या ओट्यावर बसून राहिली.

शेवटी १० मे रोजी केंद्र सरकारच्या नागरी संरक्षण खात्याला पत्रक काढावं लागलं की कार्यक्रमांमध्ये हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवू नका. कारण साधं होतं. लोकांना त्या आवाजाची सवय झाली, तर खरा हल्ला होईल तेव्हा कुणी हलणार नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाने तर २६ एप्रिललाच बजावलं होतं की लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका. त्याआधी २६/११ झालंच होतं. ताजमध्ये कमांडो शिरत असताना कॅमेरे लावून बसलेल्या वाहिन्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालात किती कठोर शब्द वापरले, ते तुमच्या न्यूजरूममधल्या प्रत्येक नव्या मुलाला वाचायला द्यायला हवेत. पलीकडे बसलेले हस्तक टीव्ही बघून आतल्या अतिरेक्यांना सूचना देत होते, हे त्या खटल्यात पुराव्यासह पुढे आलं. मुंबईने त्याची किंमत दिली आहे. मराठी वाहिन्यांना हा धडा दिल्लीहून मिळावा लागू नये.

दुसरी गोष्ट सांगतो, ती मला जास्त सलते. ७ मे रोजी पूंछमध्ये सीमेपलीकडून तोफगोळे पडले आणि त्यात एका मदरशात शिकवणारा शिक्षक मारला गेला. आपलाच नागरिक, त्यांच्या गोळ्याने मेलेला. काही राष्ट्रीय वाहिन्यांनी त्याचा फोटो दाखवून तो दहशतवादी असल्याचं सांगितलं. पूंछ पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला. जूनअखेर तिथल्या न्यायालयाने दोन वाहिन्यांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्या घरावर दुःख कोसळलं त्याच दिवशी टीव्हीवर त्याला दहशतवादी ठरवलं गेलं. हे लिहितानाही माझा हात थरथरतो.

तुम्ही म्हणाल, आमच्यापेक्षा मोबाइल वाईट आहे. मोबाइलचं मी रोज बघतो. त्या दिवसांत आमच्या गावच्या ग्रुपांवर मेसेज आला की एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, पैसे काढून ठेवा. मग पेट्रोलचा आला. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने आणि तेल कंपन्यांनी खुलासे केले, पण खुलासा फॉरवर्ड करायला कुणाचा अंगठा चालत नाही. रात्रीच्या आकाशात रॉकेटं उडताना दाखवणारा एक व्हिडिओ तर माझ्याच दुकानात सगळे टाळ्या वाजवत बघत होते. अकरावीत शिकणारा एक पोरगा मागून म्हणाला, “हा गेम आहे.” त्याने मोबाइलवर दाखवून दिलं. ‘आर्मा-३’ नावाचा युद्धाचा खेळ आहे, चेक देशातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह कंपनीचा. युक्रेन युद्धात त्यातल्या चित्रफिती खऱ्या म्हणून इतक्या फिरल्या की नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीनेच निवेदन काढून त्या ओळखायच्या कशा ते सांगितलं. चित्र धूसर असतं, कॅमेरा हलत असतो, बहुतेक वेळा रात्र असते, आवाज नसतो, माणसं हालचाल करताना दिसत नाहीत. सानगडीतल्या सोळा वर्षांच्या पोराला हे कळतं. मग ज्यांच्याकडे ग्राफिक्सचा विभाग आहे, वकील आहेत, दिल्लीत प्रतिनिधी आहेत, त्यांना का कळू नये?

आणि हे केवळ फसगतीवर थांबत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते आपल्या राज्याने विसरू नये. मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागत फिरत होते. रविवारचा बाजार होता. मुलं पळवणारे आले अशी आवई उठली आणि जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्या दिवसांत त्या भागात मोबाइलवर जे फिरत होतं, त्यात ओळीने ठेवलेल्या मेलेल्या लेकरांची चित्रं होती. ती चित्रं सीरियातल्या घौटा भागावर २०१३ मध्ये झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातली होती. दुसऱ्या देशातल्या युद्धात मेलेल्या मुलांचे फोटो पाच वर्षांनी साक्री तालुक्यात पाच गरीब माणसांचा जीव घेऊन गेले. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीने निदान काहीतरी बदललं. मे २०२५ नंतर तुम्ही काय बदललं, ते मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक रंगतं. वडशाच्या मंडळ्या येतात, मंडप लागतो, तीन-चार हजार माणसं थंडीत पहाटेपर्यंत बसतात. रंगमंचावर बंदूक उडते, नायकाचा बाप मरतो, बायका पदराने डोळे पुसतात. तरी मांडवातला एकही माणूस फोन काढून घरी विचारत नाही की सगळे ठीक आहेत ना. नाटक आहे हे तिकिटावर लिहिलेलं असतं आणि ते लिहिण्यात नाटकवाल्यांना कमीपणा वाटत नाही. तुम्ही मात्र संगणकावर तयार केलेली क्षेपणास्त्रं सोडता आणि त्याच्या खाली ‘प्रतीकात्मक दृश्य’ एवढे दोन शब्दही कधी घालता, कधी घालत नाही. घातले तरी ते चार मीटरवरून वाचता येत नाहीत. मी माझ्या गल्ल्यावरून प्रयत्न करून पाहिलाय.

आता ज्यासाठी हे पत्र मुळात लिहायला घेतलं, त्याकडे येतो.

युद्ध दाखवायचं असेल तर आमच्या जिल्ह्यात या. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर नागपूरहून येताना भंडाऱ्याच्या अलीकडे जवाहरनगर आहे. तिथे आयुध निर्माणी आहे. सैन्याला लागणारी स्फोटकं आणि तोफगोळ्यांना ढकलणारं इंधन तिथे बनतं. २०२१ मध्ये देशातल्या आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या केल्या, तेव्हापासून ही निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. भंडाऱ्याच्या कितीतरी घरांत एक माणूस ‘ऑर्डनन्स’मध्ये असतो. बापानंतर मुलगा, मुलगी अप्रेंटिस म्हणून. चांगली नोकरी, क्वार्टर, शाळा, सगळं. २४ जानेवारी २०२५ ला, शुक्रवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास तिथल्या ‘एलटीपीई’ नावाच्या विभागात स्फोट झाला. इमारतीचं छप्पर आत काम करणाऱ्यांच्या अंगावर आलं. आठ जण गेले, पाच जखमी झाले. गेलेल्यांत एक विशीतला शिकाऊ कामगार होता. आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला.

दोन दिवसांनी प्रजासत्ताक दिन होता. कर्तव्यपथावर रणगाडे आणि तोफा निघाल्या, तुम्ही दिवसभर दाखवल्या, आणि दाखवायलाच हव्यात. पण त्या तोफांत जे भरतात ते ज्यांच्या हातून बनतं, त्यांतले आठ जण दोनच दिवसांपूर्वी मेले होते. त्या दिवशी माझ्या दुकानात मी चॅनल बदलत राहिलो. संचलनाच्या कौतुकात जवाहरनगर मला कुठे दिसलं नाही. साडेतीन महिन्यांनी युद्ध आलं तेव्हा स्टुडिओत निवृत्त अधिकारी बसवून कोणत्या क्षेपणास्त्राचा पल्ला किती, हे तासन्‌तास समजावलंत. ती दारू कुठे तयार होते, कोण तयार करतं, किती धोक्यात, किती पगारावर, हे एका कार्यक्रमात आलं असतं तरी आमच्या जिल्ह्याला वाटलं असतं की हा देश आपल्यालाही मोजतो.

आणि जवाहरनगर एकटं नाही. नागपूरजवळ बाजारगावला १७ डिसेंबर २०२३ ला स्फोटकांच्या खासगी कारखान्यात नऊ कामगार गेले, त्यांत सहा बाया. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर आग लागली, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं ती विझवताना गेली. भद्रावतीला आयुध निर्माणी, अंबाझरीला आयुध निर्माणी. सीमेपासून शेकडो कोस दूर असलेला आपला विदर्भ देशाच्या तोफखान्यासाठी शांततेच्या दिवसांतही माणसं गमावतो. त्यांना शहीद म्हणा अशी माझी मागणी नाही. त्यांची बातमी एका दिवसात संपू नये, एवढंच म्हणणं आहे. चौकशी समिती नेमली जाते, तेव्हा तुमचा कॅमेरा तिथे असतो. अहवाल येतो तेव्हाही असायला हवा.

युद्ध आणि खताचं नातं थोडक्यात सांगतो, कारण तो माझा धंदा आहे आणि त्यातलं मला कळतं. आपल्या देशात पोटॅशची खाण नाही. सगळं बाहेरून येतं आणि त्यात रशिया, बेलारूसचा वाटा मोठा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि त्या वर्षी पोटॅशची ५० किलोची चुंगडी १,७०० रुपयांवर गेली. युरियाची ४५ किलोची चुंगडी २६६ रुपये ५० पैशांनाच राहिली, कारण वरचा भार सरकारने उचलला. मग शेतकऱ्यांनी पोटॅश सोडून युरियाच जास्त टाकला. धान हिरवंगार दिसलं, पण लोळलं आणि रोगाला बळी पडलं. पुढे २० जुलै २०२३ ला केंद्राने साध्या पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. तीन दिवस आधीच काळ्या समुद्रातून धान्य नेण्याचा करार मोडला होता, पावसाची धास्ती होती, देशात तांदूळ महागत होता. आमच्याकडे तेव्हा रोवणी चालू होती. बाया गुडघाभर चिखलात पऱ्हे लावत होत्या आणि त्यांच्या धानाचा बाजार मॉस्को, ओडेसा आणि दिल्ली यांच्यामध्ये ठरत होता. हे मी त्यांना सांगायला हवं होतं, की तुम्ही? माझ्या दुकानात मी सांगितलं. पण माझं दुकान एका गावाचं आहे.

तुमच्या गाड्या आमच्याकडे येत नाहीत असं नाही. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेची मतमोजणी होती, तेव्हा साकोलीचं नाव दिवसभर पट्टीवर फिरत होतं. नाना पटोले २०८ मतांनी निवडून आले. काँग्रेसचा तेव्हाचा प्रदेशाध्यक्ष थोडक्यात वाचला, म्हणून साकोली त्या दिवशी महाराष्ट्राला माहीत झाली. निकालानंतर धानाच्या बोनसचं काय, माजी मालगुजारी (मामा) तलावांच्या गाळाचं काय, हे विचारायला कुणी थांबलं नाही. आणि २००६ मध्ये याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात खैरलांजीला २९ सप्टेंबरला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा राज्याच्या मोठ्या माध्यमांना ती दिसायला कित्येक आठवडे लागले. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा दिसली. त्या घरातल्या सुरेखाताईंचं आणि त्यांच्या लेकरांचं जे झालं, ते त्याच आठवड्यात मुंबईत कळलं असतं तर पुरावे आणि साक्षी कदाचित वेगळ्या उभ्या राहिल्या असत्या. आमच्या जिल्ह्याला तुमच्या उशिराची किंमत माहीत आहे. तुमच्या घाईची किंमत आम्ही मे महिन्यात पाहिली.

टीआरपीचं मला सांगू नका. देशभरातल्या पन्नास-साठ हजार घरांत पेट्या बसवून ते आकडे काढतात, आणि २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी त्यातल्या गैरप्रकाराचा तपास सुरू केल्यावर हे आकडे काढणाऱ्या ‘बार्क’ संस्थेने बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडेच बरेच महिने बंद ठेवले होते. त्या काळात तुमची वाहिनी बंद पडली नाही. माझ्या दुकानातला टीव्हीही बंद पडला नव्हता.

तेव्हा माझं म्हणणं मांडतो. लष्करी कारवाई चालू असेल तेव्हा भोंगा, लाल दिवा आणि संगणकावरची क्षेपणास्त्रं बंद ठेवा. जे चित्र दाखवाल त्यावर ठिकाण आणि तारीख ठळक लिहा, जुनं असेल तर ‘जुनं’ असं लिहा. सेनादलांची किंवा सरकारची अधिकृत माहिती आणि तुमच्या वार्ताहराचं ऐकीव, यांत निवेदकाने तोंडाने फरक करावा, कारण आमच्याकडे कितीतरी जण पट्टी वाचू शकत नाहीत, ऐकतात. आणि चूक झाली, तर ज्या वेळेला ती चूक दाखवली त्याच वेळेला, त्याच निवेदकाने, तितक्याच मोठ्या आवाजात दुरुस्ती सांगावी. ८ मेच्या रात्रीनंतर एका हिंदी वाहिनीवर निवेदिकेने अपुऱ्या बातमीबद्दल माफी मागितली. मला त्या माफीचं मोल वाटलं. मराठीत मी त्याची वाट बघत होतो.

भोंगा बंद केल्यावर जो वेळ रिकामा राहील, तो काय दाखवून भरायचा हा प्रश्न तुमच्यापुढे येईल. एक वार्ताहर आणि एक कॅमेरा जवाहरनगरला पाठवा, अपघात नसताना, साध्या कामाच्या दिवशी. शिफ्ट सुटण्याच्या वेळेला गेटबाहेर उभं राहून कामगारांशी बोलायला सांगा. त्या आठ घरांत जायला सांगा, भरपाई किती मिळाली, नोकरी कुणाला लागली, ते विचारू द्या. निर्माणीच्या अधिकाऱ्यांना विचारा, एलटीपीई विभागात त्यानंतर काय बदललं. मग महामार्गाने साकोलीला या आणि तिथून सानगडीला. दुकानात चहा सांगतो. ती काकूही भेटेल. तिच्या मुलाची बदली आता दुसरीकडे झालीय. तुम्ही आलात तर त्या रात्रीबद्दल ती स्वतःच तुमच्याशी बोलेल, असं तिने मला हे पत्र लिहिताना सांगितलंय.

कळावे,
आपला नित्याचा प्रेक्षक,
एक कृषी केंद्र चालक,
सानगडी, ता. साकोली, जि. भंडारा